वखारीतली होडी

आमच्या निपाणी भागात माणसाला नाव मागाहून विचारतात. आधी विचारतात, "तुमी कुठलं?" मग सासर कुठलं, माहेर कुठलं, आजोळ कुठलं. एवढं झालं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. हा प्रश्न आम्हाला कुठंही सुटत नाही, कारण आमचं गावच असं आहे की उत्तर एका ओळीत येत नाही. कॉलेज निपाणीचं, पण देवचंद कॉलेजचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. गाव कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, मधे एक रस्ता. जिल्ह्याच्या गावाला आम्ही जन्मभर बेळगाव म्हणत आलो, १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री ते बेळगावी झालं. घरात मराठी, सातबाऱ्याच्या जागी कन्नडमधला उतारा, नातेवाईक दोन्हीकडं. त्यामुळं एखादी वस्तू नेमकी कुठली, कुणाची, हे सांगता येत नसेल तर आम्हाला त्याचं फारसं नवल वाटत नाही.

आमच्या तंबाखूच्या वखारीत पंचवीस वर्षं पालथी पडलेल्या होडीचं तसंच होतं. ती कुठली, हे कुणी विचारलंच नव्हतं.

ती आणली माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावानं. ते नौदलात खलाशी होते. निवृत्त झाल्यावर मुंबईत दारूखान्यात, जिथं जुन्या जहाजांचं भंगार विकतात, तिथं ही त्यांच्या नजरेस पडली. तिच्याबरोबर एक कापडाचं बोचकं आणि दोन लांब नळ्या घेऊन टेंपोत घालून निघाले. सीमेवरच्या नाक्यावर टेंपो अडवला. "हे काय?" "होडी." मालाच्या यादीत होडीला रकाना नव्हता. शेवटी 'प्लास्टिकची वस्तू, जुनी, नग १' असं लिहून सुटका झाली. घरात हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेला की आमच्या पोरांना होडीचं नावच 'नग एक' वाटायचं.

मामांनी ती एकदोनदा हिडकलच्या धरणात घातली म्हणतात. पुढं त्यांची तब्येत बिघडली, ते गेले, आणि होडी वखारीच्या मागच्या भिंतीला पालथी पडली. वरती रिकामी पोती, तुटकी बाज, जुन्या सायकलचं चाक. तंबाखूचा व्यापार आमच्या घरात कमी होत गेला तशी वखारही अडगळीची खोली झाली. घरातल्या पुरुषांनी मधून मधून ती काढून टाकायचं मनावर घेतलं. एकानं म्हशींना पाणी पाजायला ठेवूया म्हटलं. दुसऱ्यानं जाळून टाकूया म्हटलं. हे जाळायचं मात्र कुणी मनात आणू नये. फायबर पेटलं की काळाकुट्ट, विषारी धूर निघतो, आणि मागं काचेच्या धाग्यांची जाळी उरते, ती कुजतही नाही. भंगारवाला तर हात लावेना. लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही, वितळवून दुसरं काही करता येत नाही, तो कशाला नेईल?

मग २०१९ चा ऑगस्ट आला आणि पाठोपाठ २०२१ चा जुलै. वेदगंगा आणि दूधगंगा दोन्ही फुगल्या. या दोन नद्या भोजजवळ एकमेकींना मिळतात आणि पुढं कृष्णेला जातात. कृष्णेला जागा नसली की पाणी मागं सरकतं आणि आमच्या उसात शिरतं. दोन्ही वेळा यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर पाणी आलं आणि वाहनांच्या रांगा लागल्या. आमच्या नात्यातल्या एका मळ्यात तीन माणसं माळ्यावर अडकली होती. त्यातल्या म्हातारीला गावच्या पोरांनी काहिलीत बसवून आणलं. काहील म्हणजे गुऱ्हाळावरची गुळाची मोठी कढई. आमच्याकडं पुरात ती होडी होते, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. काहील गोल असते. तिला पुढं नाही, मागं नाही, वल्हं मारलं की जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते. म्हातारी आली खरी, पण काठावरच्या आम्हा बायकांच्या घशाला कोरड पडली होती.

पाणी उतरल्यावर पोरं आमच्या दारात आली. "काकू, तुमच्या वखारीत बोट हाय म्हणं. गावाला द्या की. पुढच्या पावसाळ्याला कामाला येईल."

देणं सोपं होतं. घरातली अडचण जाणार, वर पुण्य. आमचे भाऊजी तर लगेच हो म्हणाले. पण माझ्या डोळ्यापुढं ती काहील फिरत होती. उद्या हिच्यात पाच-सात माणसं बसली आणि मधोमध काही झालं, तर? हिच्यात किती माणसं बसतात, ती बुडते की तरंगते, हिला धड कशाची म्हणायचं, हे माहीत नसताना माणसं कशी बसवायची? औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी नसेल तर आपण लेकराला त्यातला थेंबसुद्धा देत नाही. मी म्हटलं, "देऊया. पण आधी ही काय आहे ते कळू दे."

कळण्यासाठी ती उलटी करायला हवी होती, आणि तिथं सासूबाई आडव्या आल्या. चातुर्मास चालू. तिच्याखाली मुंग्यांची वारुळं असतील, गोम असेल, मांजरीनं पिल्लं घातली असतील. "पाऊस संपू दे, जीव आपले आपण जातील, मग उलटा." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दिवाळी झाली, कार्तिक सरला, तेव्हा आठ जणांनी मिळून ती अंगणात आणली आणि सुलटी केली. मांजरीची पिल्लं तोवर मोठी होऊन गेली होती. आत सुकलेल्या तंबाखूच्या पानांचा थर, एक फुटकी बादली आणि पुष्कळ धूळ.

ओळख पटवायचा सरळ मार्ग म्हणजे नावाची पाटी. बांधणाऱ्याची छोटी धातूची पाटी होडीच्या मागच्या सपाट बाजूला किंवा आत कुठंतरी बसवलेली असते. आमच्या होडीला मागच्या बाजूला आतून चार स्क्रूची भोकं आणि त्यांच्यामध्ये एक चौकोन होता, आजूबाजूपेक्षा उजळ. पाटी होती, कुणीतरी काढून घेतली. पितळेची असणार. कागद नव्हते. बाहेरचा रंग तीन वेळा दिलेला. वरचा पांढरा, खाली हिरवा, त्याखाली करडा. नाव रंगवलेलं असलंच तर या थरांखाली गेलेलं.

माझा पुतण्या पुण्यात असतो. त्यानं फोटो काढून नेले आणि त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांना दाखवले. ते नौदलातून निवृत्त झालेले, आयुष्यभर मुलांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवलेले. त्यांनी फोटोवरून काही सांगायला नकार दिला. फोन करून म्हणाले, "ताई, फोटोत सगळ्या होड्या सारख्याच दिसतात. मला मापं द्या." हे मात्र मला एकदम पटलं. मी तीस वर्षं घरी ब्लाउज शिवते. फोटो दाखवून 'अस्सं शिवा' म्हणणाऱ्या बायका मला रोज भेटतात. शिवण बसते ती मापावर.

पहिलं माप पुतण्यानं घेतलं होतं. त्यानं काठावरून टेप लावत नेला आणि चौदा फुटांच्या वर भरलं म्हणून सांगितलं. त्यावरून कुणीतरी 'जीपी फोर्टीन' असं नाव काढलं होतं. ती इंग्लंडची चौदा फुटी होडी, जॅक होल्ट नावाच्या आरेखकाची; तिच्या शिडावर घंटेचं चित्र असतं. पण होडीचा काठ कमानीसारखा बाहेर फुगलेला असतो. त्यावरून टेप नेला तर लांबी जास्तच येणार. बाहीची लांबी आपण कोपर वाकवून घेतो तेव्हा वेगळी येते आणि सरळ हातावर वेगळी, तसंच हे. फोनवरच्या गृहस्थांनी सांगितलं तसं मी केलं. गवंड्याचा ओळंबा आणला. होडी विटांवर समपातळीत ठेवली. पुढच्या टोकावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूची खूण केली, मागच्या बाजूनं तशीच दुसरी खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर सरळ रेषेत मोजलं. १५९ इंच. म्हणजे १३ फूट ३ इंच. रुंदी सगळ्यात जास्त जागी ६३ इंच.

"आता मला तिची आडवी कापणी हवी," ते म्हणाले. म्हणजे होडी भाकरीसारखी मधोमध तोडली तर कड कशी दिसेल, ते. मी वर्तमानपत्राचे कागद खळीनं जोडले, होडी परत पालथी घालून तळाला लावून, बोटानं दाबत दाबत, ब्लाउजच्या पाठीचा कागद कापतो तसा तिचा आकार कापून काढला. कागद भिंतीला लावला तेव्हा स्पष्ट दिसलं. तळ गोल नव्हता. एका बाजूला दोन कंगोरे होते. तळापासून एक सपाट पट्टी, मग कंगोरा, मग तिरकी दुसरी पट्टी, परत कंगोरा, मग उभी भिंत. कागदाचा फोटो पाठवला. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "फायबरला कंगोऱ्यांची गरज नसते. हा आकार लाकडाचा आहे."

याचा अर्थ मला नीट समजून घ्यावा लागला. प्लायवूडचा तक्ता एका दिशेनं वाकतो, दोन दिशांनी एकदम वाकत नाही. म्हणून प्लायवूडची होडी पट्ट्या जोडून करतात आणि जोडावर कंगोरा येतो. आपण सरळ कापडातून छातीचा आकार काढायला टक्स घालतो, तेच हे. फायबरचं तसं नसतं. ते साच्यात होतं. मोदकाच्या साच्यासारखं. आधी साच्याला मेण लावतात, म्हणजे चिकटायला नको. मग सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर, त्याला जेलकोट म्हणतात, तो पहिल्यांदा देतात. त्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन, परत चटई, परत रेझिन. वाळलं की उचलून काढायचं. जे बाहेर दिसतं ते आधी होतं आणि आतला भाग शेवटी, आणि साचा हवा तसा गोल करता येतो. मग या होडीला कंगोरे का ठेवले? कारण ज्या वर्गाची ती होती, त्या वर्गाचा आकार मुळात प्लायवूडसाठी ठरला होता. नंतर फायबर आलं तरी शर्यतीच्या नियमात आकार तोच ठेवायचा असतो, नाहीतर नवी होडी जुनीला हरवेल आणि जुन्या होड्या टाकून द्याव्या लागतील.

१३ फूट ३ इंच, एका बाजूला दोन कंगोरे. त्या गृहस्थांच्या मनात एक नाव आलं होतं, पण त्यांनी ते लगेच सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "शीड आहे का? कुठल्या रंगाचं?"

बोचकं कुठं गेलं कुणाला ठाऊक नव्हतं. पुरुष म्हणाले, शीड पांढरंच असणार, शिडं पांढरीच असतात. तेव्हा ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "निळं होतं. मला बसवलं होतं त्यानं हिडकलात. माझ्या चंद्रकळेला धरून म्हणाला, अक्का, तुझ्या लुगड्याचंच शीड बघ." ही गोष्ट त्यांनी पूर्वी कधी सांगितली नव्हती असं नाही. त्या सांगत आणि कुणी कान देत नसे, एवढंच. मग माळ्यावर शोध सुरू झाला. बोचकं नव्हतं, पण धान्याच्या कणगीवर झाकायला टाकलेलं एक कडक कापड होतं, धुळीनं राखी झालेलं. एक कोपरा ओल्या फडक्यानं पुसला तर खाली निळा.

ते कापड मी अंगणात पसरलं आणि दुपारभर त्याच्याजवळ बसले. पॉलिएस्टरचं, दाट विणीचं, कानात कुरकुरणारं. शिवण सगळी झिगझॅग, कारण सरळ टीप ताणाखाली तुटते. कडेला वादी बसवलेली, कोपऱ्यांना चारपदरी ठिगळं आणि पितळी डोळे. ज्यानं शिवलं त्याचा हात चांगला होता. वरच्या भागात काहीतरी चिकटवून शिवलेलं होतं आणि ते उसवून काढलेलं होतं. उसवलं तरी सुईची भोकं राहतात, हे शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. शिवाय तेवढ्या भागावर ऊन पडलेलं नसतं, त्यामुळं तिथला रंग मूळचा राहतो. मी भोकांवर खडूनं रेघ ओढत गेले. आधी एक उभी, मग तीन आडव्या. इंग्रजी ई हे अक्षर झालं. त्याच्याखाली आकडे होते, पण तिथं कापड फाटलेलं. दोनच आकडे लागले.

फोटो पाठवला आणि पाच मिनिटांत फोन आला. "एंटरप्राइज," ते म्हणाले. "निळं शीड आणि ई. मला वाटलंच होतं."

एंटरप्राइज हा वर्गही त्याच जॅक होल्टचा. १९५६ साली इंग्लंडमध्ये 'न्यूज क्रॉनिकल' नावाच्या दैनिकानं तो पुढं आणला, सामान्य माणसाला घरी प्लायवूडची बांधता येईल अशी शिडाची होडी म्हणून. दोन माणसांची. लांबी ४.०४ मीटर. निळं शीड ही तिची खूण. ते दैनिक १९६० मध्ये बंद पडलं, होडी मात्र जगभर पसरली. वीस हजारांहून जास्त झाल्या. आपल्याकडं नौदलात, एनसीसीच्या नौदल शाखेत आणि शिडाच्या क्लबांत हिच्यावर किती पोरं शिकली असतील त्याची गणती नाही. म्हणजे मामांनी ती दारूखान्यात बघितली तेव्हा त्यांना ती अनोळखी नसणार. त्यांनी ओळखूनच उचलली असणार.

त्या गृहस्थांनी आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीत झाले, पण दिल्लीत समुद्र नाही म्हणून शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या. फायरबॉल नावाच्या वर्गात आपल्या फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक घेतलं. आणि एंटरप्राइज वर्गात, याच निळ्या शिडाच्या होडीत, सुवर्णपदक घेतलं ते पाकिस्तानच्या बैराम आवारी आणि गोश्पी आवारी या कराचीच्या पारशी नवरा-बायकोनं. गोश्पीबाई आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या पाकिस्तानच्या पहिल्या महिला. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवऱ्याबरोबर एका होडीत बसून भांडण न करता पहिला नंबर? मग सोन्याचं पदक द्यायलाच पाहिजे."

वर्ग कळला. पण बांधली कुणी, हे त्यानं कळत नाही. ही गोष्ट मला सुरुवातीला लक्षात आली नव्हती आणि पुष्कळांना येत नाही असं ते म्हणाले. एंटरप्राइज हा आकार आहे, कारखाना नव्हे. इरकल साडी म्हटलं की कुठली वीण ते कळतं, पण कुणाच्या मागावरची ते कळत नाही, तसं. एकाच आकाराच्या होड्या वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कारखान्यांनी काढल्या. शिवाय फायबरची एक सोय आहे आणि तीच गैरसोय. तयार होडीवरूनच दुसरा साचा उतरवता येतो, आणि त्या साच्यातून निघालेली होडी पहिलीची जुळी बहीण दिसते. म्हणून पाटी आणि क्रमांक गेला की आकारावरून बांधणाऱ्यापर्यंत पोचता येत नाही. आमच्या होडीची ती वाट दोन आकड्यांवर थांबली.

इथं मला म्हादेई आठवते. म्हादई नदी आमच्याच जिल्ह्यात, खानापूरच्या जंगलात उगम पावते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते. तिच्या नावाची शिडाची नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, लाकूड आणि काचेचे धागे यांची, ५६ फुटांची. तीतून २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्यानं शिडाच्या नौकेतून असं करणारे ते पहिले भारतीय. मग त्याच कारखान्यात तिची बहीण तारिणी झाली. तारिणीतून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा जणींनी प्रदक्षिणा केली, आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दोघींनीच. म्हादेईचा जन्मदिवस, जन्मगाव, बांधणारा, सगळं सरकार दरबारी नोंदलेलं आहे. आमच्या 'नग एक'चं काही नाही. पण दोघींच्या अंगात एकच माल आहे, काच आणि राळ. आणि दोन्ही पाण्यावर आपापलं काम करायला बांधलेल्या.

आता मुख्य प्रश्न. ही पुरात चालेल का?

त्या गृहस्थांनी आधी तिची तब्येत बघायला सांगितली. एका लाकडी मुठीनं तळ ठोकत जायचं. टणक आवाज आला तर बरं, भद्द आला तर आत थर सुटलेत. आमच्या होडीला तीन जागी भद्द आला. मग वजन. या वर्गाची रिकामी होडी सुमारे ९४ किलो असते. वखारीतला तंबाखूच्या बोदांचा काटा कित्येक दिवसांनी कामाला आला. भरलं ११८. वरचे चोवीस किलो कुठले? काही रंगाचे, बाकीचे पाण्याचे. दोन्ही बाजूंना हवेचे बंद कप्पे असतात, होडी उलटली तरी ती तरंगत राहावी म्हणून. तोंडानं नळीतून हळू हवा फुंकली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, तर एका कप्प्याला डझनभर जागी बुडबुडे. मी कप्प्याचं बूच काढलं तर तंबाखूच्या रंगाचं पाणी बादलीभर निघालं. पंचवीस वर्षांत गळक्या कौलांतून आलेलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पोरांना बोलावून, अंगणात बसवून, जसंच्या तसं सांगितलं. ही दोन माणसांची होडी. हिला मोटर नाही. वाऱ्यावर चालते, आणि वारा नसला तर वल्ह्यावर. ही उलटते. उलटणं हा हिचा दोष नव्हे, हलकी आणि चपळ असल्यामुळं ती उलटतेच, आणि शिकलेली माणसं पाण्यात उतरून तिला परत सरळ करतात. हे धरणाच्या स्वच्छ पाण्यात, अंगात तरंगणारं जाकीट घालून. पुराच्या पाण्यात खाली उभा ऊस असतो, कुंपणाच्या तारा असतात, विजेचे खांब असतात. हिच्या पोटातून खाली सोडायची पाटी असते ती त्यात अडकली की होडी जागेवर आडवी. पुरातून माणसं काढायला येतात त्या रबरी, फुगवायच्या, मोटरच्या बोटी. त्यांचं काम वेगळं.

पोरांचे चेहरे उतरले. एकजण म्हणाला, "काकू, काहील चालती आणि ही का चालत न्हाई? काहिलीला तर कायबी न्हाई."

प्रश्न खरा होता. मी तो फोनवर विचारला. ते म्हणाले, "काहीलसुद्धा धोक्याचीच. पण काहिलीत बसताना माणूस भितो, म्हणून दोघंच बसतात. ही होडी दिसली की भीती जाईल आणि आठ जण चढतील. दोघांच्या होडीत आठ जण, त्यात एक कप्पा गळका." पोरं यावर काही बोलली नाहीत. पण त्याच आठवड्यात पंचायतीकडं खऱ्या बचाव-बोटीसाठी आणि जाकिटांसाठी अर्ज गेला, त्यावर पंचेचाळीस सह्या झाल्या, आणि त्यात बायकांच्या सह्या जास्त होत्या. जाकिटं आली आहेत. बोटीसाठी आम्ही अजून खेपा घालतो आहोत.

होडी गावाला दिली नाही आणि मोडीतही घातली नाही. ओळख पटल्याचा एक मोठा उपयोग झाला. हिचं सुकाणू हरवलेलं होतं. वर्ग माहीत नसता तर ते अंदाजानं करावं लागलं असतं. आता त्या वर्गाची मापं मिळतात. पुतण्यानं ती मागवली आणि आमच्या सुतारानं सुकाणूचं पातं करायला घेतलं. भद्द आवाजाच्या जागा घासून परत काचेची चटई बसवली. घासताना मात्र तोंडाला फडकं, पूर्ण बाह्या, आणि घासलेली धूळ ओल्या कापडानं टिपायची. तो काचेचा भुगा अंगाला लागला की दोन दिवस खाज जात नाही. गळका कप्पा वाळायला एक उन्हाळा गेला. परवा काट्यावर घातली तर १०१ भरली.

मी एका पत्र्याच्या तुकड्यावर रंगानं लिहून ती पाटी जुन्या चार भोकांवर बसवली आहे. 'वर्ग एंटरप्राइज. बांधणारा माहीत नाही. माणसं दोन.' भाऊजींचं म्हणणं पडलं की खाली निपाणी लिहा. सासूबाई म्हणाल्या, कशाला, ती काय इथं जन्मली? शेवटी लिहिलं नाही.

शीड अजून व्हायचंय. फाटलेल्या भागाला जुळणारं निळं कापड मिळालं नाही, म्हणून ठिगळ थोडं गडद दिसेल. ई हे अक्षर मी काळ्या कापडाचं कापून ठेवलंय, जुन्या भोकांवर बरोबर बसतं. माझ्या मशीनला ते कापड झेपत नाही. हातानं शिवायचं तर जाड सुई आणि मेणाचा दोरा हवा, तो बेळगावहून मागवलाय.